चौघांत एक पुस्तक

सरळबाईंचं खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि ते तिथेच राहिलं. शाळेत लहानथोर सगळे पाठीमागे त्यांना सरळबाईच म्हणत. बाईंना हे ठाऊक होतं, आणि मनातून त्यांना ते आवडायचंही. वाकडं म्हणून काही त्यांना बघवतच नसे. वर्गात शिरल्या की आधी भिंतीवरचा तक्ता सरळ, मग टेबलावरचं डस्टर सरळ, मग बाकांमधून फिरता फिरता कुणाची कॉलर, कुणाचं दप्तर, कुणाची मान. तोंड शिकवत असायचं आणि हात आपले चालूच. तीस वर्षं हेच. एकदा तर खात्याच्या मोठ्या साहेबांचा टाय त्यांनी भर भाषणात सरळ केला होता. साहेब बिचारे "थँक्यू" म्हणाले आणि पुढचा मुद्दाच विसरले.

तर अशा या बाईंच्या तिसरीच्या वर्गात यंदा सरकारची नवी योजना आली. बाईंच्या नोकरीतली ही अकरावी. आधीच्या दहा योजनांचे तक्ते कपाटाच्या डोक्यावर गुंडाळून ठेवले होते आणि त्यांत पालींचा संसार सुखाने चालला होता. तेव्हा अकरावीचं नाव ऐकून बाई काही हुरळून गेल्या नाहीत. "येईल तशी जाईल," म्हणाल्या, आणि खडू घेऊन फळ्याकडे वळल्या.

पण खरं सांगायचं तर ही योजना निराळी निघाली. पुस्तकं खरोखर आली! शाळा उघडली त्याच आठवड्यात आली, कोरी करकरीत आली, आणि मोजून एका मुलाला एक अशी आली. बाईंनी खोकी उघडली तेव्हा त्यांचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. कारण आजवर काय होतं? चौघांत एक पुस्तक. बुटकी चौकोनी टेबलं, चार बाजूंना चार पोरं, मध्ये पुस्तक. आणि बाईंचा कडक नियम असा की ज्याची जागा ती त्याची जागा, वर्षभर हलायचं नाही. त्यामुळे एका नजरेत हजेरी होते, असं त्या म्हणत. पहिली आणि दुसरी या पोरांनी तशीच काढली, बाईंच्याच हाताखाली.

आता ती टेबलं गेली, बाकं आली. रांगा कशा, अगदी पट्टीने आखल्यासारख्या. बाई खूश.

योजनेची दुसरी गोष्ट म्हणजे परीक्षा. वर्षात तीन फेऱ्या. एका कार्डावर आठ ओळींचा परिच्छेद, विहिरीत पडलेल्या चेंडूचा. मुलानं तो न अडखळता दोन मिनिटांत वाचायचा. तिसऱ्या फेरीतही ज्याला जमणार नाही, त्यानं पुढच्या सोमवारपासून दुसरीत जाऊन बसायचं. परीक्षा घ्यायला खात्यातून एक तरुण साहेब यायचे. गळ्यात दोरीला सेकंदांचं घड्याळ अडकवलेलं, म्हणून पोरांनी पहिल्याच दिवशी त्यांचं नाव घड्याळसाहेब ठेवून टाकलं. माणूस वाईट नव्हता हो. नियमाचा पक्का होता एवढंच. नियमांचा कागद टेबलावर पसरून, त्यावर बोट ठेवून, मग पुढचं पाऊल टाकायचा.

पहिल्या फेरीत सव्वीसपैकी अकरा पोरं अडखळली. दुसऱ्या फेरीत पाच. त्यानंतर बाईंनी कंबर कसली, शाळा सुटल्यावर रोज अर्धा तास थांबवून घेतलं, आणि पाचातली चार मार्गी लावली. राहिली एक. ती एक म्हणजे बटण.

बटणाची आई शाळेमागच्या गल्लीत कपड्यांना इस्त्री करायची. कपड्यांची गळून पडलेली बटणं ही पोरगी कंपासपेटीत साठवायची, आणि ज्याचं तुटलेलं दिसेल त्याला जुळणारं शोधून द्यायची. म्हणून बटण. गोल चेहऱ्याची, चुणचुणीत, बोलायला चुरूचुरू. फळ्यावरचं उतरवून घ्यायला सांगा, चित्र काढल्यासारखं हुबेहूब उतरवील. पण पुस्तक हातात दिलं की संपलं. एकेका अक्षराशी झटापट, कपाळावर घाम, आणि शेवटी गप्प.

गंमत म्हणजे टेबलांच्या दिवसांत ती वाचायची! निदान बाईंना तसं वाटायचं. मग नवी पुस्तकं आल्यावर सगळा वर्ग वर चढला आणि ही एकटी घसरत खाली आली, तेव्हा बाईंनी मनाशी निदान केलं: ही कधी वाचतच नव्हती. टेबलावर तिच्या समोर भोंगा बसायची. भोंगा म्हणजे वर्गातली सर्वांत मोठ्या आवाजाची मुलगी. ती पाणी मागायची ते तीन वर्गांना ऐकू जायचं. पुस्तक सरळ यायचं ते भोंग्याच्या बाजूला. ही तिच्या मागून नुसतं म्हणत असणार, दुसरं काय?

त्यात पोरगी चाळेही करायची. पुस्तक उलटं धरायची. मान बाकाच्या कडेवरून खाली सोडून फळ्याकडे बघत बसायची. बाई जाता जाता पुस्तक सरळ करत, दोन बोटांनी मान सरळ करत, आणि पुढे जात. दिवसातून चारदा, पाचदा. मग पोरीनं नाद सोडला.

आता या बाईंची एक खास कला होती, ती इथे सांगायला हवी. साहेबलोक टेबलाच्या पलीकडे बसून शेरे लिहितात आणि वाचून दाखवत नाहीत. मग बिचाऱ्या मास्तरांनी करायचं काय? तर समोर उभं राहून, चेहरा साधाभोळा ठेवून, ते शेरे उलटे वाचायला शिकायचं. तीस वर्षांत अकरा योजनांचे साहेब पाहिलेल्या बाई यात इतक्या तरबेज झाल्या होत्या, की साहेबांचं वाक्य पुरं व्हायच्या आत शेरा भला की बुरा ते त्यांना कळून चुकायचं.

दुसऱ्या फेरीनंतर घड्याळसाहेबांनी बटणापुढे लिहिलं होतं, "प्रगती नाही. दुसरीत?" ते प्रश्नचिन्ह बाईंनी पलीकडून वाचलं आणि तेव्हापासून ते त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना.

तिसरी फेरी शुक्रवारी होती. गुरुवारी शाळा सुटल्यावर बाईंनी एक असं काम केलं जे तीस वर्षांत कधी केलं नव्हतं. तिसऱ्या फेरीची नवी कार्डं छापखान्यात अडकली होती. साहेब जुनंच कार्ड वापरणार, हे सगळ्या शाळेला माहीत होतं. विहिरीतल्या चेंडूचा परिच्छेद बाईंना तोंडपाठ होता. त्यांनी तो सुवाच्य अक्षरात एका कागदावर लिहिला, कागद पर्समध्ये घातला आणि मागच्या गल्लीत निघाल्या. पोरीकडून तो घोकून घ्यायचा. उद्या तिनं कार्डाकडे बघत धडाधडा म्हणून टाकायचं. झालं! चालता चालता त्यांना स्वतःचीच लाज वाटत होती. गल्लीच्या तोंडाशी एक पाटी वाकडी लटकलेली दिसली, तीसुद्धा त्यांनी सरळ केली नाही. कुठल्या तोंडाने करणार?

दुकान म्हणजे एक खोली, अर्धी टेबलानेच भरलेली. टेबलाच्या अलीकडे बटणाची आई इस्त्री फिरवत होती, पलीकडे उलट्या खोक्यावर बटण बसली होती. आईची बाजू इस्त्रीची, वायरची, चटक्याची. तिकडे पाऊल टाकायची पोरीला सक्त मनाई होती.

"बाई! तुम्ही?" आईने घाईघाईनं इस्त्री उभी केली आणि स्टूल पुसलं. "बसा ना. काय केलं हिनं?"

"काही केलं नाही गं," बाई म्हणाल्या. हिला त्या अरेतुरेच करत, कारण हीसुद्धा त्यांचीच विद्यार्थिनी. "उद्या तिची परीक्षा आहे. म्हटलं जरा तयारी करून घ्यावी. तुला माहीत आहे ना, नाही जमलं तर दुसरीत बसावं लागेल."

"माहीत आहे." आईचा चेहरा उतरला. "पण बाई, मी दोनदा सांगून गेले तुम्हाला. ती वाचते हो! कपड्यांबरोबर येणाऱ्या सगळ्या चिठ्ठ्या तीच वाचते. मला आकड्यांपलीकडे काही कळत नाही, तुम्हाला ठाऊकच आहे. आजवर एक शर्ट चुकीच्या घरी गेलेला नाही."

"ती शर्ट ओळखत असेल."

"आता तुमच्यापुढे मी काय बोलणार?" आई म्हणाली, आणि तरी बोललीच. "पण एक सांगते, रागावू नका. मलाही असंच तिसरीतून दुसरीत बसवलं होतं. तेव्हाही कुठलीशी योजनाच होती. लहान पोरांत माझे गुडघे बाकाखाली मावत नव्हते. आठ दिवस गेले, नवव्या दिवशी आलेच नाही. तुम्ही घरी आला होतात बोलवायला, मी मोरीत लपून बसले होते."

बाईंना ते आठवत होतं. मोरीच्या दाराखालून दिसणारी दोन पावलंसुद्धा आठवत होती. त्यांनी पर्समधून कागद काढला आणि बटणापुढे टेबलावर ठेवला, अर्थातच अगदी सरळ, कडेशी समांतर.

"हं. वाच बघू, बाळ."

बटणानं कागदाकडे पाहिलं. ओठ हलले. "ए... का... वि... वी..." आणि कपाळावर घाम. बाईंनी उसासा टाकला. ठीक आहे. मग घोकणंच नशिबी आहे.

"अगं, असं काय करतेस?" आई वैतागली. "रोज वाचतेस तसं वाच की!" आणि तिने तो कागद उचलून, रोज चिठ्ठी ठेवायची तसा, आपल्या बाजूला इस्त्रीच्या स्टँडपाशी दाबून ठेवला. म्हणजे कागद सरळ झाला आईला, आणि टेबलापलीकडच्या पोरीला उलटा.

"एका विहिरीत एक चेंडू पडला," बटण म्हणाली. "चेंडू पाण्यावर तरंगत होता. मुलांनी वाकून पाहिलं. कुणी म्हणालं दोरी आणा, कुणी म्हणालं बादली आणा." एका दमात आठही ओळी. शेवटी तर चेंडू वर आला तेव्हा आवाजसुद्धा वर गेला.

बाई बघतच राहिल्या. पण बाई म्हणजे तीस वर्षं मुरलेल्या मास्तरीण; त्यांचा संशय इतक्या सहज मरत नाही. दोन फेऱ्या झाल्यात, शाळाभर पोरं तोच चेंडू म्हणत हिंडतात, हिच्याही कानावर पडलंच असेल. त्यांनी पेन काढलं, कागदाच्या मागे हाताचा आडोसा करून घाईघाईनं काहीबाही लिहिलं, आणि कागद आईच्या बाजूनं सरळ ठेवला.

बटणानं वाचलं, "आमच्या हेडमास्तरांच्या टकलावर काल एक माशी बसली आणि घसरून पडली." मग तिला कळलं आपण काय वाचलं ते, आणि ती खोक्यावरून पडेपर्यंत हसली. आईसुद्धा पदराआड, छे, हातातल्या उशीच्या अभ्र्याआड तोंड लपवून हसली.

बाई मात्र हसल्या नाहीत. त्या उठल्या, टेबलाला वळसा घालून पलीकडे गेल्या आणि चक्क त्या उलट्या खोक्यावर, पोरीच्या जागेवर बसल्या. तिथून त्यांनी कागद पाहिला. सगळं उलटं. ओळ उजवीकडून सुरू, पहिली ओळ सर्वांत जवळ. आणि गंमत बघा, बाईंना ते घडाघडा वाचता येत होतं! का नाही येणार? साहेबांचे शेरे वाचण्यात तीस वर्षं गेलेली.

"बाळ," त्यांनी हळूच विचारलं, "पुस्तक सरळ धरलं की काय होतं तुला?"

बटणानं जरा विचार केला. "सरळ धरलं की अक्षरं दोरीवर वाळत घातल्यासारखी लोंबतात, बाई. हलतात. माझ्या बाजूनं ती रेघेवर उभी असतात ना, मग नीट दिसतात."

"मग तू सांगितलं का नाहीस?"

"मी पुस्तक फिरवायचे," बटण म्हणाली. तिच्या बोलण्यात तक्रार अजिबात नव्हती. "तुम्ही परत सरळ करायचात."

हाय रे कर्मा! बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. दोन वर्षं भोंग्याच्या समोर, घरी आईच्या समोर. पोरगी उलट्याच बाजूनं वाचायला शिकली, कुणी न शिकवता, स्वतःच्या अकलेनं शिकली, आणि आपण रोज चार-पाच वेळा तिच्या हातातलं वाचन काढून घेत होतो! बाकी टेबलांवरची उलट्या बाजूची पोरं घरी तरी सरळ वाचत, आडव्या बाजूंची मान तिरकी करून भागवत, म्हणून ती नव्या पुस्तकांना हळूहळू सरावली. हिची मान पूर्ण उलटी होणार कशी? बाकाच्या कडेवरून खाली सोडून केली तेवढीही आपण दोन बोटांनी सरळ केली.

बाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. आईने इस्त्रीखालचा गरम रुमाल पुढे केला.

"उद्या," बाई नाक पुसत म्हणाल्या, "मी त्या घड्याळसाहेबाला बघतेच."

शुक्रवारी सकाळी परीक्षेआधी बाईंनी भोंग्याला गाठलं. "खरं सांग. टेबलावर असताना ती तुझ्या मागून म्हणायची की नाही?"

भोंग्यानं पाय खाजवला. "नाही बाई. ती हळू वाचायची, मी तिच्या मागून मोठ्यांदा म्हणायचे," ती म्हणाली. कुजबुजून म्हणाली असं तिला वाटलं, पण शेजारच्या दोन्ही वर्गांना कळलं.

घड्याळसाहेबांनी टेबल मांडलं. त्यांच्या बाजूला मोठी खुर्ची, समोर परीक्षार्थीसाठी छोटी खुर्ची, मध्ये कार्ड. बटणाची पाळी आली तशा बाई तिच्याबरोबर आत आल्या आणि त्यांनी सगळी हकिगत सांगितली. साहेबांनी ती लक्ष देऊन ऐकली, हेही खरं. मग नियमांच्या कागदावर बोट ठेवलं.

"नियम चार. कार्ड परीक्षार्थीच्या खुर्चीसमोर सरळ ठेवावे. ते हलवू नये, फिरवू नये, उचलू नये. बाई, मला कळतंय तुमचं म्हणणं. पण कार्ड फिरवलं तर हा निकाल खातं धरणारच नाही."

"कार्ड नका फिरवू," बाई म्हणाल्या. त्यांनीही नियमांचा कागद वाचला होता, अर्थात पलीकडूनच, आणि दोनदा. "नियमात कार्ड कुणापुढे सरळ हवं? खुर्चीपुढे. ठेवा खुर्चीपुढे. पण त्या खुर्चीत बसायलाच हवं असं कुठे लिहिलंय?"

साहेबांनी कागद पुन्हा वाचला. मागची बाजू वाचली. नव्हतं लिहिलेलं.

"म्हणजे ती बसणार कुठे?"

"तुमच्या खुर्चीत."

"आणि मी?"

बाईंनी छोट्या खुर्चीकडे नुसतं पाहिलं.

साहेब उंच होते. छोट्या खुर्चीत ते बसले तेव्हा गुडघे हनुवटीशी आले आणि गळ्यातलं घड्याळ दोन गुडघ्यांच्या मध्ये लोंबायला लागलं. खिडकीला भोंग्यासकट पंचवीस पोरं लटकली होती, त्यांत एकच खसखस पिकली. समोर मोठ्या खुर्चीत बटण, तिचे पाय जमिनीपासून वीतभर वर. साहेबांनी घड्याळ दाबलं.

"एका विहिरीत एक चेंडू पडला..."

एक मिनिट पाच सेकंद. एकही चूक नाही. पोरांनी टाळ्या पिटल्या. बाईंनी साहेबांच्या तोंडाकडे पाहिलं, तर साहेब काही हसत नव्हते.

"बाई, एक विचारतो," ते अवघडून म्हणाले. "कार्ड जुनंच आहे. सगळ्यांना पाठ झालंय. हिनं वाचलं, की म्हणून दाखवलं?"

बाईंना नाही म्हणता आलं असतं. पण त्या सरळबाई होत्या. "साहेब, तुमच्यापासून कशाला लपवू? काल मी पाठ करून घ्यायलाच गेले होते. कागदसुद्धा लिहून नेला होता. पण तशी गरजच पडली नाही."

झालं! साहेबांनी सुस्कारा सोडला, कागद पुढे ओढला आणि गुडघ्यांच्या वरून, अवघडत, शेरा लिहायला लागले. बाईंनी सवयीनं पलीकडे सरकून मान पुढे केली. पण त्यांच्याआधी मोठ्या खुर्चीतून आवाज आला. बटणासमोर कागद आलेला, तिच्या बाजूनं अगदी हवा तसा. ती पेनच्या टोकाबरोबर वाचत चालली होती.

"सदर... विद्यार्थिनीने... परिच्छेद... पूर्ण म्हटला. मात्र... पाठांतराची... शंका... येते." ती थांबली. "बाई, शंका म्हणजे?"

साहेबांचं पेन हवेतच राहिलं. त्यांनी आपल्या हाताखालच्या ओल्या शाईकडे पाहिलं. मग पोरीकडे. मग पुन्हा शाईकडे. हे वाक्य जगात आत्ता, या क्षणी जन्माला आलं होतं. ते कुणी कसं पाठ करणार?

हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. बाईंनी पहिल्यांदाच पाहिलं, साहेबांना खळी पडत होती. त्यांनी "मात्र"पासून पुढचं सगळं एका रेघेनं खोडलं, आणि आता मुद्दामच सावकाश, एकेक शब्द थांबून थांबून लिहायला लागले. खिडकीत पंचवीस पोरं, त्यांच्या मागे इस्त्री सोडून धावत आलेली बटणाची आई, आणि टेबलाच्या कडेला, दोन्ही हातांनी पर्स चुरगाळत उभ्या असलेल्या बाई.

बटण वाचत होती. "सदर विद्यार्थिनी... उत्तम... वाचते." पेन थांबलं, तीही थांबली. पेन निघालं. "तिला... तिसरीतच..." साहेबांनी पेनचं टोपण उगाचच तपासलं. "अहो लिहा ना!" बाई ओरडल्या.

"...ठेवावे," बटणानं वाचलं, आणि ते आपल्याबद्दल आहे हे तिला तेव्हा कुठे उमगलं. "बाई! तिसरीतच! मी!"

खिडकीबाहेर जो गलका उठला त्यात भोंग्याचाही आवाज बुडून गेला, यावरून काय ते समजा. बटणाची आई रडत होती की हसत होती ते तिचं तिलाच कळत नव्हतं. "आठ दिवस नाही, आता वर्षभर बसेल माझी पोर," एवढंच ती शेजारच्यांना सांगत राहिली.

साहेब खुर्चीतून सुटायची धडपड करत म्हणाले, "पण बाई, चौथीला तिला सरळ वाचावंच लागेल."

"वाचेल की. रोज पुस्तक थोडं थोडं फिरवू, तुमच्या त्या घड्याळाच्या काट्यासारखं. सुट्टी लागायच्या आत सरळ होतं की नाही बघा." मग त्या जरा थांबल्या. "आणि साहेब, मागे तुमच्या खात्यानं एकीला दुसरीत बसवलं होतं. तिच्यासाठी एक जादा पुस्तक मिळेल का? शाळा सुटल्यावर मी शिकवीन."

साहेबांनी खिडकीबाहेर उभ्या असलेल्या बटणाच्या आईकडे पाहिलं आणि बरोबर आणलेल्या खोक्यातलं एक कोरं पुस्तक काढून दिलं.

सोमवारी बाई वर्गात शिरल्या. तक्ता सरळ केला, डस्टर सरळ केलं. बाकांमधून फिरताना बटणाच्या हातातलं उलटं पुस्तक दिसलं आणि हात सवयीनं पुढे गेला. बाईंनी तो मध्येच थांबवला, पाठीमागे घेऊन दुसऱ्या हातात घट्ट धरला. मग त्या तिच्या बाकासमोर, पुस्तकाच्या सरळ बाजूला, गुडघ्यांवर बसल्या.

"हं," म्हणाल्या. "तू तिकडून वाच, मी इकडून वाचते."